बियांपासून पहिल्या फुलापर्यंत

शाळेच्या वाफ्यांत बीं पडलें कीं आठ दिवसांतच मुलें फुलाची वाट पाहूं लागतात. झेंडू, तेरडा यांच्या बाबतींत ही उतावीळ शोभते; तीं झाडें एकाच हंगामांत उगवून, फुलून, बीं धरून संपतात. जीं झाडें वर्षानुवर्षें जगतात त्यांचा हिशेब निराळा.

तींही सर्व सारखीं नसतात. सदाफुली आणि गोकर्ण पहिल्याच हंगामांत, कांहीं महिन्यांत फुलतात. याउलट विदर्भाच्या रानांत पावसाळ्यांत ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी पाहावी. तिचें बीं उगवण्यासच कित्येक आठवडे लागतात. पहिल्या वर्षीं थोडीं पानें येतात व पाऊस सरल्यावर तीं वाळून जातात. येथेंच घात होतो. झाड मेलें असें समजून वाफा खणला जातो! वस्तुतः त्या पानांनीं तयार केलेलें अन्न जमिनीखालीं एका चिमुकल्या कंदांत साठलेलें असतें. पुढील पावसाळ्यांत तो कंद फुटतो, वाढतो, पुन्हां निजतो. असे तीनचार पावसाळे गेले म्हणजे फूल दिसतें. पुरा वाढलेला कंद लावल्यास बहुधा त्याच वर्षीं फूल येतें, कारण साठ्याचें काम आधींच उरकलेलें असतें. जास्वंदीची फांदी लावल्यावर लवकर फुलते तीही याच जातीची गोष्ट: फांदी पोक्त झाडाची असते, तिचें बाळपण सरलेलें असतें.

पालकांस एवढें सांगणें अवश्य आहे कीं, कळलावी सर्वांगीं विषारी असून तिच्या कंदांत व बियांत कोल्चिसिन हें तीव्र विष असतें. घरीं लहान मुलें असतील तर गोकर्णच बरी.

कांहीं झाडें तर आयुष्यांत एकदांच फुलतात. सह्याद्रींतील कारवी सुमारें आठव्या वर्षीं डोंगरच्या डोंगर जांभळे करून मरते. मुंबईजवळ ती २००८ व २०१६ सालीं अशी बहरली. केरळांतील नीलकुरिंजीस १२ वर्षें लागतात. मुन्नारकडे ती २००६ व २०१८ सालीं फुलली. आपल्याकडील बांबूची गोष्ट तर दशकांची आहे.

म्हणून यंदा बहुवर्षायु बीं पेरणाऱ्या विद्यार्थ्यांनीं वाफ्याशीं झाडाचें नांव व पेरणीची तारीख लिहिलेली पाटी रोवावी. काळ्या मातींत पाणी साचून कंद कुजतो, तेव्हां वाफा उंच करून त्यांत वाळू व कुजलेलें शेणखत मिसळावें. आणि पानें वाळलीं तरी दुसरा पावसाळा येईपर्यंत तेथें कुदळ लावूं नये.