सीमध्ये पायथन बसवताय? अ‍ॅरे तपासण्याचा खर्च किती?

सीच्या प्रोग्रॅममध्ये पायथन बसवायला पैसे पडत नाहीत. पायथन आणि त्याची अ‍ॅरेची लायब्ररी नमपाय, दोन्ही मोफत आहेत. खर्च येतो तो वेळेचा आणि मेमरीचा.

आधी न तपासण्याची किंमत पाहा. पायथनकडून १, २, ३ असा ६४ बिटी पूर्णांकांचा नमपाय अ‍ॅरे घ्या, सीमध्ये तो डबल समजून बेरीज करा आणि नेहमीच्या ‘%f’ने छापा. उत्तर ६ येत नाही, ०.०००००० येतं. पूर्णांकातल्या १ चे बिट डबल म्हणून वाचले की दशांश चिन्हापुढे तीनशेहून जास्त शून्यं लागतात. एरर नाही, वॉर्निंग नाही. अ‍ॅरे ३२ बिटी फ्लोटचा असेल तर सी त्याच्या हद्दीबाहेरची मेमरी वाचू लागतं.

तपासणी मात्र जवळजवळ फुकट आहे. नमपाय अ‍ॅरेतल्या सगळ्या घटकांचा टाइप एकच असतो आणि तो अ‍ॅरेसोबतच नोंदलेला असतो. ‘पायअ‍ॅरे_चेक’ आणि मग ‘पायअ‍ॅरे_टाइप’, एवढंच; घटक दहा असोत की एक कोटी. इथे अजिबात कंजुषी करू नका.

साध्या लिस्टचं तसं नाही. तिच्यात प्रत्येक घटक वेगळ्या टाइपचा असू शकतो, म्हणून प्रत्येकाला विचारावं लागतं. शिवाय ६४ बिटी मशीनवर दहा लाख वेगवेगळ्या फ्लोटची लिस्ट साधारण ३२ एमबी खाते. तोच डबलचा अ‍ॅरे ८ एमबीत मावतो.

टाइप जुळत नसेल तर ‘पायअ‍ॅरे_फ्रॉम_ओटीएफ’ला डबल मागा. अ‍ॅरे आधीच डबलचा आणि सलग असेल तर कॉपी होत नाही. नसेल तर नवी कॉपी, म्हणजे दहा लाख घटकांना ८ एमबी. हे लूपमध्ये ठेवलंत तर प्रत्येक फेरीला तेवढाच भुर्दंड. आणि काम झाल्यावर ‘पाय_डेकरेफ’ विसरलात तर ती मेमरी परत मिळतच नाही.

एक खाच लक्षात ठेवा. ६४ बिटी पूर्णांकाचं डबल करणं नमपाय सुरक्षित मानतं, पण ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे सगळेच पूर्णांक डबलमध्ये नेमके बसत नाहीत. मोठे ओळख क्रमांक पाठवत असाल तर पूर्णांकच मागा.

विंडोजवर नमपायचा नेहमीचा पूर्णांक २०२४ च्या २.० आवृत्तीपर्यंत ३२ बिटी होता. म्हणून अ‍ॅरे तयार करतानाच टाइप स्पष्ट लिहा, आणि सीमध्ये तरीही तपासा.