मेट्रो आली, आता आमची बस जाणार का?

प्रश्न : आम्ही नवीन पनवेलला राहतो. मुलगी तळोज्याला असते. तिच्याकडे जाताना लोकलने बेलापूर गाठतो आणि तिथून मेट्रोने पेठाली-तळोजा स्थानकावर उतरतो. वाटेत खारघरमध्ये मेट्रोच्या पुलाखालून एनएमएमटीच्या बस जाताना दिसतात. मेट्रो असताना या बस कशासाठी? आणि उद्या मेट्रो खांदेश्वरला पोहोचली, तर आमच्याकडच्या बस बंद करतील का?

उत्तर : तुमच्या एका पत्रात दोन शंका आहेत आणि दोन्ही एकाच समजुतीतून आल्या आहेत. मेट्रो आणि बस एकाच रस्त्यावर असल्या म्हणजे त्या एकच काम करतात, ही ती समजूत. आधी ती तपासू.

बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका १७ नोव्हेंबर २०२३ रोजी प्रवाशांसाठी खुली झाली. लांबी सुमारे ११ किलोमीटर, स्थानकं ११. म्हणजे दोन स्थानकांमध्ये साधारण एक किलोमीटर अंतर. बसचे थांबे मात्र तीनशे-चारशे मीटरवर असतात. उत्सव चौकातून थेट पेंधरला जाणाऱ्या माणसाला मेट्रोच सोयीची. पण दोन स्थानकांच्या मध्ये राहणाऱ्या, हातात भाजीची पिशवी असलेल्या आजींना अर्धा किलोमीटर चालून, जिना चढून तीन किलोमीटरचा प्रवास करायचा नसतो. त्यांच्यासाठी दारासमोर थांबणारी बसच खरी.

दुसरं म्हणजे, ही मेट्रो खारघर रेल्वे स्थानकाला शिवतच नाही. ती बेलापूरहून निघते आणि बेलपाडा, उत्सव चौक, केंद्रीय विहार, सेंट्रल पार्क असं करत तळोज्याकडे जाते. लोकलने खारघरला उतरणाऱ्याला घरी जायला बस किंवा शेअर रिक्षाच लागते. तिसरा मुद्दा वेळेचा. मेट्रो सुरू झाली तेव्हा सकाळी ६ ते रात्री १० अशी धावत होती. हार्बरची लोकल मध्यरात्रीनंतरही येते. उशिरा सुटणाऱ्या नोकरदारासाठी रस्त्यावर काहीतरी हवंच.

पुलाखालची बस का दिसते, ते यावरून कळेल. पण म्हणून बसच्या मार्गांत काहीच बदलत नाही, असंही नाही. मेट्रो आली की लांब पल्ल्याचा प्रवासी बसमधून वर निघून जातो आणि छोट्या टप्प्याचा मागे राहतो. मुंबईत ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हा बेस्टच्या अंधेरी-घाटकोपर धावणाऱ्या ३४० क्रमांकाच्या बसचं हेच झालं. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारे मेट्रोकडे वळले. बस बंद झाली नाही, कारण मरोळ, साकीनाका, असल्फा इथे मधेच चढणारे-उतरणारे होतेच. मात्र वाहकाच्या हिशेबात फरक पडतो. लांबचं तिकीट मोठं असतं, जवळचं छोटं. बस भरलेली दिसते आणि उत्पन्न कमी येतं. अशा वेळी परिवहन सेवेला मार्ग नव्याने आखावा लागतो.

तो आखताना जे गणित करतात, ते समजून घेण्यासारखं आहे. समजा, एका मार्गावर जाऊन-येऊन, शेवटच्या थांब्यावरच्या विश्रांतीसह, १२० मिनिटं लागतात आणि त्यावर आठ बस आहेत. तर प्रवाशाला दर १५ मिनिटांनी बस मिळते. आता तोच मार्ग जवळच्या मेट्रो स्थानकापर्यंतच ठेवला आणि फेरी ४० मिनिटांत होऊ लागली, तर चारच बस दर १० मिनिटांनी सेवा देतात. उरलेल्या चार बस, जिथे आजवर बसच जात नव्हती अशा वसाहतीला देता येतात. बस तेवढ्याच, चालक तेवढेच. फक्त त्या मेट्रोच्या समांतर धावायच्या थांबतात आणि आडव्या धावू लागतात. चांगली आखणी माशाच्या काट्यासारखी असते : मधला कणा मेट्रोचा आणि दोन्ही बाजूंना निघालेले बारीक काटे बसचे. खारघरमध्ये कण्यापासून दूर राहिलेली सेक्टरं आणि तळोज्याच्या नव्या वसाहती पुष्कळ आहेत. माझ्या मते, वाचलेल्या प्रत्येक बसचा पहिला हक्क त्यांचा आहे.

कागदावर हे फार छान दिसतं, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. कारण या बदलाची किंमत प्रवासी मोजतो. पूर्वी एका बसमध्ये बसून तो थेट पोहोचायचा. आता त्याला मध्ये उतरून गाडी बदलावी लागते. गाडी बदलणं म्हणजे जिना, वाट पाहणं आणि दुसरं तिकीट. धडधाकट माणसाला ते जमतं. गुडघे दुखणाऱ्याला, कडेवर मूल असलेल्या बाईला तेवढ्यासाठी प्रवासच नकोसा होतो.

वाट पाहण्याचंच बघा. मेट्रो दर १५ मिनिटांनी येते आणि स्थानकाखालची बस दर २० मिनिटांनी सुटते, असं धरू. एका गाडीने उतरलेल्यांना ३ मिनिटांत बस मिळाली, तर पुढच्या गाडीच्या प्रवाशांना ८ मिनिटं, त्यापुढच्यांना १३ आणि त्याच्याही पुढच्यांना १८ मिनिटं थांबावं लागेल. तीच बस दर १५ मिनिटांनी, मेट्रो आल्यावर चार मिनिटांनी सोडली, तर प्रत्येकाला ती सापडते. फेऱ्या वाढवण्याइतकंच फेऱ्या जुळवण्याला महत्त्व आहे, आणि नेमकं तेच दुर्लक्षित राहतं.

सिंगापूरचं उदाहरण यासाठी उपयोगी आहे. तिथलं नियोजन जगभर नावाजलेलं. नवी मेट्रो मार्गिका झाली की समांतर बस कमी करायच्या, हे त्यांचं जुनं धोरण. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी १६७ क्रमांकाची बस बंद करण्याचं जाहीर केलं. लोकांनी, विशेषतः रोजच्या प्रवाशांनी, इतकी नाराजी कळवली की काही दिवसांतच निर्णय बदलला. बस बंद न करता ती दर अर्ध्या तासाने ठेवली. मला हा मधला मार्ग पटतो. ज्याला खरोखर जिना चढवत नाही, तो थोडं अधिक थांबेल, पण त्याची बस शाबूत राहील.

आपल्याकडे असे बदल सावकाश होण्याचं एक खास स्थानिक कारण आहे. मेट्रो सिडकोने बांधली आणि चालवते महामेट्रो. तिची बहुतेक स्थानकं येतात पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत, जी १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. आणि खाली धावणारी एनएमएमटीची बस नवी मुंबई महानगरपालिकेच्या परिवहन उपक्रमाची, म्हणजे शेजारच्या पालिकेची. बसने मेट्रोला प्रवासी आणून दिले तर उत्पन्न मेट्रोचं वाढतं, डिझेल किंवा विजेचा खर्च मात्र बसच्या खात्यावर पडतो. ज्यांच्या सोयीसाठी हा खर्च होतो, ते नागरिक कर भरतात दुसऱ्याच, म्हणजे पनवेलच्या पालिकेला. हा खर्च वाटून घेतला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. एकट्या परिवहन उपक्रमाने तो सोसावा ही अपेक्षा रास्त नाही.

त्यातच आगाराचा प्रश्न. बस पहाटे आगारातून रिकामी निघते आणि मार्गाच्या पहिल्या थांब्यापर्यंत विनातिकीट धावते. आसूडगाव आगारातून तळोज्याला पोहोचेपर्यंतचे किलोमीटर कुणाच्याच तिकिटात बसत नाहीत. शिवाय स्थानकाखाली बस वळायला आणि उभी राहायला जागा लागते. ती आधीच रिक्षा नि दुचाकींनी व्यापली, तर उत्तम वेळापत्रकही कोलमडतं.

भाड्याबद्दलही एक गैरसमज आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये या मेट्रोचं कमाल भाडं ४० वरून ३० रुपयांवर आलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ ॲपवर लोकल, मेट्रो आणि एनएमएमटीसह अनेक सेवांची तिकिटं एकत्र काढता येऊ लागली. यावरून अनेकांना वाटतं की गाडी बदलली तरी भाडं एकदाच लागतं. तसं नाही. तिकीट एका जागी मिळणं ही एक सोय. गाडी बदलल्यावर दुसरं भाडं न लागणं ही निराळी आणि अधिक मोठी सोय. दुसरी मिळाली की गाडी बदलण्याची तक्रार निम्म्याने ओसरेल.

आता तुमच्या दाराशी येऊ. तळोजा एमआयडीसी ते खांदेश्वर आणि पुढे विमानतळापर्यंत मेट्रो नेण्याचं नियोजन आहे. ती आली तर तुमच्या बस जातील का? याचं उत्तर पनवेलने पूर्वी एकदा अनुभवलं आहे. हार्बरची लोकल १९९२ मध्ये वाशीला, १९९३ मध्ये बेलापूरला आणि १९९८ मध्ये पनवेलला आली. मुंबईला रोज जाणारे लोकलने जाऊ लागले. तरीही पनवेलचं एसटी स्थानक ओस पडलं नाही, कारण अलिबागला आणि खेडोपाडी लोकल जात नव्हती. रूळ जिथवर गेले नाहीत, तिथलं काम बसकडेच राहिलं.

तुमचा आजचा प्रवासही त्याच जातीचा आहे. नवीन पनवेलहून तळोज्याला जायचं तर सरळ रस्ता कळंबोली-रोडपालीकडून आहे. तुम्ही मात्र आधी पश्चिमेला बेलापूर गाठता आणि तिथून पुन्हा उत्तर-पूर्वेला वळता. या दोन टोकांना जोडणारी थेट बस मेट्रोशी स्पर्धा करत नाही. मेट्रो जिथे नाही तिथे ती जाते. तेव्हा खांदेश्वरची मेट्रो येईपर्यंत अशा बसच्या फेऱ्या वाढवा, ही मागणी अगदी रास्त ठरते. परिवहन उपक्रमाकडे आणि तुमच्या पालिकेकडे, दोन्हीकडे लेखी पाठवा. अर्जात ‘बस वाढवा’ एवढंच लिहू नका. कुठल्या थांब्यावर, किती वाजता, साधारण किती माणसं ताटकळतात, ते लिहा. मार्ग आखणाऱ्याच्या टेबलावर अशाच माहितीचा उपयोग होतो. आणि मेट्रो आल्यावर मार्ग बदलायची वेळ आली, तर शेवटच्या मेट्रोनंतर शेवटची बस किती वाजता सुटणार, हे आधी विचारून घ्या.