कासरगोडचा धडा

केरळ राज्याच्या अगदी उत्तर टोकाला, कर्नाटकाच्या सीमेलगत, कासरगोड नावाचा जिल्हा आहे. पूर्वेस सह्याद्रीचे उतार आणि पश्चिमेस अरबी समुद्र यांच्यामध्ये हा प्रदेश पसरलेला आहे. आपल्या कोकणाशी त्याचे रूप पुष्कळसे मिळतेजुळते आहे. तोच तांबडा जांभा दगड, त्याच नारळी-पोफळीच्या बागा आणि तोच धो धो कोसळणारा पाऊस! येथे मल्याळम, कन्नड, तुळू अशा अनेक भाषा कानी पडतात. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या काही कुटुंबांत मराठीची एक बोलीही बोलली जाते.

या प्रदेशात पाणी मिळविण्याची एक जुनी आणि मोठी चतुर रीत आहे. गावकरी टेकडीच्या पोटात आडवे भुयार खणतात. जांभ्या दगडातून झिरपणारे पाणी त्या भुयारात थेंबाथेंबाने जमते आणि बारीक धारेने बाहेर येते. ते पिण्यास, स्वयंपाकास आणि पोफळीच्या बागेस पुरते. या भुयाराला तेथे ‘सुरंग’ असेच म्हणतात. टेकडीवर जे पडते, तेच झिरपून शेवटी माणसाच्या पेल्यात येते, ही गोष्ट सुरंगाचे पाणी पिणाऱ्यांस वेगळी सांगावी लागत नाही. पुढील हकिकत समजण्यासाठी आपणही ती ध्यानात ठेविली पाहिजे.

काजूचे झाड मूळचे ब्राझील देशातील. पोर्तुगीजांनी ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणिले आणि येथील जांभ्या जमिनीत ते चांगले रुजले. कासरगोडच्या टेकड्यांवर काजूच्या विस्तीर्ण बागा उभ्या राहिल्या. केरळ सरकारच्या लागवड महामंडळाकडे या जिल्ह्यातील साडेचार हजारांहून अधिक हेक्टर जमीन काजूखाली होती. बागा टेकड्यांच्या माथ्यावर व उतारावर, आणि माणसांची घरे, विहिरी, शाळा व ओढे खाली दरीत, अशी तेथील रचना होती.

काजूला एका किडीचा मोठा उपद्रव होतो. कोकणातील बागाईतदार तिला ‘ढेकण्या’ म्हणतात. ही कीड कोवळ्या पालवीतील व मोहोरातील रस शोषून घेते. मग मोहोर करपतो आणि पीक हातचे जाते. या किडीचा नाश करण्यासाठी महामंडळाने ‘एन्डोसल्फान’ हे कीटकनाशक वापरण्यास आरंभ केला. बागा अफाट, त्यामुळे माणसांकडून फवारणी करण्यापेक्षा ती हेलिकॉप्टरमधून करणे सोयीचे ठरले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही फवारणी सुरू झाली आणि २००० सालापर्यंत, वर्षातून दोन-तीन वेळा, ती होत राहिली. आभाळात घरघर ऐकू आली की मुले अंगणात धावत आणि मान वर करून ते यंत्र पाहत. वरून पडणारे तुषार विषाचे आहेत, हे त्या अजाण मुलांना कोठून ठाऊक असणार?

झाडाच्या अगदी शेंड्यालगतून औषध फवारले, तर त्यातील बराचसा भाग झाडावर पडतो. परंतु डोंगराळ मुलखात हेलिकॉप्टरला इतके खाली उडता येत नाही. उंचावरून सोडलेले तुषार वाऱ्याबरोबर दूरवर जातात. बागेची हद्द माणसाला कळते. वाऱ्याला कळत नाही. ते तुषार घरांच्या कौलांवर, गुरांच्या चाऱ्यावर, भाजीच्या वाफ्यांवर आणि उघड्या ओढ्यांवर पडत. फवारणीपूर्वी विहिरी झाकून ठेवाव्यात, अशी सूचना गावकऱ्यांना देण्यात येई. विहीर एक वेळ झाकता येईल. पण ओढा कशाने झाकावा? सुरंगाच्या माथ्यावरील अवघी टेकडी कशाने झाकावी? शिवाय एन्डोसल्फान लवकर नाहीसे होत नाही. ते मातीत व गाळात टिकून राहते, पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरते आणि अन्नपाण्यावाटे प्राण्यांच्या शरीरात शिरते.

या अनिष्टाची पहिली चाहूल मुक्या जिवांनी दिली. मधमाश्या मरू लागल्या. ओढ्यांतील मासे व बेडूक दिसेनासे झाले. १९७९ च्या सुमारास एका शेतकऱ्याच्या गोठ्यात वाकड्या पायांची वासरे जन्मास आली. एन्मकजे पंचायतीतील पड्रे या गावी राहणारे श्री पड्रे हे शेतकरी आणि पत्रकार आहेत. त्यांना ही गोष्ट कळली. “दैवाची लीला!” असे म्हणून त्यांनी ती सोडून दिली नाही. ही वासरे आणि ती फवारणी यांचा काही संबंध असेल काय, असा प्रश्न त्यांनी आपल्या लेखातून विचारला. त्या वेळी त्या प्रश्नाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. तथापि योग्य वेळी विचारलेला प्रश्न वाया जात नाही; तो मातीत पडलेल्या बियाप्रमाणे आपल्या ऋतूची वाट पाहत राहतो.

१९८२ साली डॉ. वाय. एस. मोहन कुमार नावाचे तरुण डॉक्टर त्याच परिसरातील वाणीनगर येथे दवाखाना चालवू लागले. आजाऱ्यांना तपासता तपासता त्यांच्या मनात एक शंका घर करू लागली. लहानशा गावात इतक्या मुलांना अपस्मार कसा? इतकी मुले जन्मतःच पंगू किंवा मतिमंद कशी? कर्करोगाचे आणि मनोविकाराचे इतके रुग्ण एकाच ओढ्याच्या काठी कसे? प्रथम त्यांना कारण उमगेना. त्यांनी घरोघरची माहिती टिपून ठेविली, ती पुन्हा पुन्हा पडताळून पाहिली आणि वैद्यकीय नियतकालिकाकडे पत्र लिहून जाणत्यांचे लक्ष या गोष्टीकडे वेधण्याचा यत्न केला. औषध देणे हे वैद्याचे काम खरेच. पण रोग कोठून येतो याचा शोध घेणे हेही त्याचेच काम आहे, हे त्यांनी ओळखले होते.

जिल्ह्याच्या दक्षिण भागात पेरिया नावाचे गाव आहे. तेथे लीलाकुमारी अम्मा राहत असत. त्या स्वतः कृषी खात्यात नोकरीस होत्या. त्यांचे घर काजूच्या बागांच्या शेजारीच होते. फवारणीनंतर आपली व शेजाऱ्यांची प्रकृती बिघडते, असा अनुभव त्यांना येऊ लागला. त्यांनी अधिकाऱ्यांकडे तक्रारी केल्या, गावकऱ्यांच्या सह्या गोळा केल्या. उपयोग होईना, तेव्हा १९९८ साली त्यांनी होसदुर्ग येथील मुन्सिफ न्यायालयात दावा लावला. एका बाजूला सरकारचे मोठे महामंडळ आणि दुसऱ्या बाजूला एक सामान्य स्त्री! परंतु न्यायालयात माणसाची उंची मोजीत नाहीत, त्याचे म्हणणे तपासतात. न्यायालयाने प्रथम हवाई फवारणीस तात्पुरती मनाई केली आणि २००० साली तो मनाईहुकूम कायम केला. त्या वर्षानंतर कासरगोडच्या बागांवरील हवाई फवारणी थांबली.

तरीही एक प्रश्न शिल्लक होता. हे आजार एन्डोसल्फानमुळेच झाले, हे कशावरून? नुसत्या समजुतीवर विज्ञान विसंबत नाही. २००१ साली दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने पड्रे गावातील पाणी, माती, दूध, रक्त इत्यादींचे नमुने तपासले आणि त्यांत एन्डोसल्फानचा अंश आढळल्याचे जाहीर केले. त्यानंतर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचे शास्त्रज्ञ तेथे आले. त्यांची रीत साधी, पण विचार करण्याजोगी होती. त्यांनी फवारणी झालेल्या भागातील शाळकरी मुले तपासली, आणि त्यांच्यासारखीच, परंतु जेथे फवारणी झाली नव्हती अशा भागातील मुलेही तपासली. दोन्हींकडील हवामान सारखे, राहणी सारखी. मग फरक दिसलाच तर तो कशामुळे? अशा तुलनेतूनच कारणाचा माग लागतो. या संशोधनातील एका भागात ११७ मुलगे फवारणीच्या गावातील होते व ९० मुलगे दुसरीकडील होते. फवारणीच्या गावातील मुलांच्या रक्तात एन्डोसल्फानचे प्रमाण अधिक आढळले आणि त्यांचे वयात येणे वयाच्या मानाने मागे पडलेले दिसले.

सर्वांनाच हे निष्कर्ष मान्य झाले नाहीत. ‘पुरावा अपुरा आहे,’ असे काही तज्ज्ञ समित्यांनी म्हटले. वाद अनेक वर्षे चालला. मध्यंतरी गावोगावच्या लोकांनी कृती समिती स्थापन केली, सभा भरविल्या, मोर्चे काढले आणि पुन्हा पुन्हा न्यायालयाचे दार ठोठावले. २००१ साली केरळ सरकारने एन्डोसल्फानचा वापर थांबविला. पुढे ती बंदी काही काळ सैल झाली, पण २००५ साली केंद्र सरकारनेच केरळात या औषधाच्या वापरास मनाई केली. एप्रिल २०११ मध्ये जिनिव्हा येथे अनेक राष्ट्रांच्या परिषदेत, जगातून हद्दपार करावयाच्या विषारी द्रव्यांच्या यादीत एन्डोसल्फानचे नाव घालण्यात आले. त्याच वर्षी १३ मे रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतात त्याचे उत्पादन, विक्री व वापर बंद करण्याचा आदेश दिला. वाकड्या पायांच्या वासरांपासून या दिवसापर्यंत बत्तीस वर्षे लोटली होती.

मनाई झाली, पण जी मुले अंथरुणाला खिळली होती, ती मनाईमुळे उठून चालू लागली नाहीत. त्यांच्या आया दिवसरात्र त्यांच्या उशाशी बसून होत्या. सरकारने ११ पंचायती बाधित म्हणून ठरविल्या. १० जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पीडिताला पाच लाख रुपये तीन महिन्यांच्या आत द्यावेत, असे केरळ सरकारला बजावले. पीडितांची संख्या पाच हजारांहून अधिक होती. तरीही बहुतेकांना ती रक्कम वेळेवर मिळाली नाही, आणि २०२२ साली न्यायालयाला याबद्दल सरकारची पुन्हा कानउघाडणी करावी लागली. न्याय मिळविणे जितके कठीण, तितकेच मिळालेला न्याय घरापर्यंत आणणेही कठीण असते.

कीटकनाशक हे शेतकऱ्याचे एक साधन आहे. कीड पडली की त्याचे वर्षाचे कष्ट मातीमोल होतात, हे विसरून चालणार नाही. परंतु ज्या साधनाने कीड मरते, ते माणसालाही इजा करू शकते, याचे भान सुटले की अनर्थ ओढवतो. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. म्हणून कोणते औषध, किती, कोठे आणि कोणत्या वाऱ्यात फवारावे, याचा विचार फवारणाऱ्याने केला पाहिजे. आणि शेजारी राहणाऱ्या लोकांना त्याविषयी आधी विचारले गेले पाहिजे.

कासरगोडच्या माणसांजवळ सत्ता नव्हती, संपत्ती नव्हती. एकाने मेलेल्या मधमाश्या आणि वाकड्या पायांची वासरे पाहून प्रश्न विचारला. दुसऱ्याने आजारी मुलांची नोंद ठेविली. तिसरीने सह्या गोळा करून न्यायालयात पाऊल टाकले. पाहणे, टिपून ठेवणे आणि निर्भयपणे विचारणे एवढीच त्यांची शस्त्रे होती. ती तुमच्या-आमच्या प्रत्येकाच्या हाती आहेत. आपल्या गावचा ओढा, विहीर आणि हवा यांची राखण दुसरा कोणी येऊन करील, अशी वाट पाहत बसू नये, हाच कासरगोडचा धडा होय.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) ‘सुरंग’ म्हणजे काय? त्यात पाणी कसे जमते?
(आ) काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने फवारणी का करण्यात येई?
(इ) डॉ. मोहन कुमार यांच्या मनात कोणती शंका आली?
(ई) ‘विहीर एक वेळ झाकता येईल; पण ओढा कशाने झाकावा?’ या वाक्यातून लेखकाला काय सुचवावयाचे आहे?

२. शास्त्रज्ञांनी फवारणी न झालेल्या भागातील मुलेही का तपासली? तुमच्या शब्दांत सविस्तर लिहा.

३. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
मनात घर करणे, मातीमोल होणे, कानउघाडणी करणे, अंथरुणाला खिळणे, भान सुटणे.

४. ‘बागेची हद्द माणसाला कळते; वाऱ्याला कळत नाही.’ या वाक्यात परस्परविरोधी गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत. पाठातून असे आणखी एक वाक्य शोधून लिहा.

५. तुमच्या गावातील एखादी विहीर, ओढा किंवा तळे आठवडाभर रोज पाहा. पाण्याचा रंग, वास, त्यातील जीवजंतू व काठची झाडे यांची नोंद वहीत तारखेसह ठेवा आणि ती वर्गात वाचून दाखवा.