जीवशास्त्राची पदवी आणि टॉवेलवरचा आयोडीनचा थेंब

बारावीला जीवशास्त्र घेतले म्हणजे डॉक्टरच व्हायचे आणि 'नीट'मध्ये गुण कमी पडले की सारी तालीम फुकट गेली, अशी समजूत आपल्या घराघरांत आहे. आमचीही तीच होती. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. 'खुर्दबीन' हा शब्द पाठ केला, पण सूक्ष्मदर्शक शाळेत कधी पाहिला नाही.

आमच्या भाचीचा प्रवेश दोनदा हुकला. मग तिने सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. सुरू केले, तेव्हा 'आता ही काय करणार?' असे विचारणाऱ्यांत आम्हीच पुढे होतो.

ती शेवटच्या वर्षाला असताना आमचे पांढरे टॉवेल गिऱ्हाइकाकडून परत आले. पाणी शोषत नाहीत, थेंब वरच राहतो, अशी तक्रार. प्रोसेसवाला सुताला दोष देई, सूतवाला प्रोसेसला. भाचीने घरातल्या आयोडीनचा थेंब टॉवेलवर टाकला. डाग गर्द निळा झाला. "मामू, खळ पुरती निघालीच नाही," ती म्हणाली.

ताण्याचे सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला स्टार्चची खळ देतात, हे आपल्या धंद्यात सर्वांस ठाऊक आहे. ती काढण्यास पूर्वी आम्लही वापरीत. प्रमाण चुकले की कापड कमजोर होई. आता ॲमिलेज हे एन्झाइम वापरतात, जे जीवाणूंपासून तयार होते. पाणी प्रमाणाबाहेर तापले की ते निकामी होते, आणि आमच्या मालाचे तेच झाले होते. ब्लीचिंगनंतर उरलेले पेरॉक्साइड कॅटलेज या दुसऱ्या एन्झाइमने घालवले तर धुण्याच्या फेऱ्या कमी होऊन पाणी वाचते. सोलापूरकरांस पाण्याची किंमत सांगायला नको.

मग आम्ही आजूबाजूला पाहू लागलो. साखर कारखान्यांत मळीपासून इथेनॉल होते, ते काम यीस्टचे. डाळिंबावरचा तेल्या हा जीवाणूचा रोग. त्या फळासाठी सोलापुरात 2005 पासून राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. दूध संघ, रुग्णालयांच्या प्रयोगशाळा, सांडपाणी शुद्धीकरण येथेही हेच ज्ञान लागते.

मात्र नुसत्या बी.एस्सी.वर पगार बेताचाच मिळतो, हे पालकांपासून आम्ही लपवणार नाही. पुढे एम.एस्सी. किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका हवी. त्या दोन-तीन वर्षांचा खर्च आधीच हिशेबात धरावा. 2004 साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले, तोवर आपली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस माहीत नसते. पदवीवर विषयाचे नाव काय आहे, ते पाहावे. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठी जैवतंत्रज्ञान, जीवरसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी चालते. प्राणिशास्त्र वा वनस्पतिशास्त्राचे नाव त्या यादीत नाही. प्रवेशाच्या दिवशी जेथे जागा रिकामी तेथे नाव घातले, तर ही वाट तेथेच बंद होते. अकरावीत झेपत असेल तर जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवावे, म्हणजे अभियांत्रिकीचे दारही उघडे राहते.

भाची सध्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात आहे. परत आलेला माल पुन्हा प्रक्रिया करून आम्ही विकला. दोन वेळचे भाडे व प्रक्रियेचा खर्च अंगावर पडला. आता कोणताही लॉट बांधण्यापूर्वी गोदामात आयोडीनची बाटली काढली जाते.