मणक्याच्या रिपोर्टमधला ‘ओसिस’

प्रश्न : आईचं वय ६४. कंबर दुखते म्हणून एक्स-रे काढला. रिपोर्टमध्ये ‘लंबर स्पॉन्डिलोसिस, ऑस्टिओफाइट्स’ असं लिहिलंय. शेजारच्या काकू याला स्पॉन्डिलायटिस म्हणतात. आई फार घाबरली आहे.

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत. ग्रीक भाषेत ‘स्पॉन्डिलोस’ म्हणजे मणका. शेवटी ‘आयटिस’ आलं की दाह समजायचा. ‘ओसिस’ नुसती अवस्था सांगतो. इथे वयोमानाने झालेली झीज. ‘लंबर’ म्हणजे कंबरेचा भाग. ऑस्टिओफाइट म्हणजे मणक्याच्या कडेला वाढलेलं हाड. साठीनंतर काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एक्स-रेतही हे सर्रास दिसतं, म्हणून नुसत्या शब्दाला घाबरू नये.

आपल्याकडे मान धरली तरी लोक ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणतात, हे मला खटकतं. त्यातला अँकिलोझिंग प्रकार बहुधा पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो. सकाळी पाठ आखडते, हालचालीने मोकळी होते. त्याचे उपचारही निराळे.

आईंना चालतं ठेवा, फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. मात्र पायातली ताकद कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.