आधी दिशा, मग फोटो

नकाशावाचनाच्या तासाला आपण सर्वांत आधी उत्तर दिशा शोधतो. फोटो काढतानाही तेच करावे, हे मला काशीच्या रामघाटावर पटले. गंगा इथे उत्तरेकडे वाहते आणि घाट पश्चिम काठावर आहेत. त्यामुळे सूर्य समोरच्या काठावरून उगवतो. दुपारनंतर तो उंच इमारतींमागे जातो आणि पायऱ्यांवर सावली पडते. म्हणून सकाळची वेळ गाठावी.

माझा कॅमेरा साधाच आहे, १८-५५ मिमी लेन्सचा. तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की तो पुरतो :

१. सूर्याकडे तोंड करून फोटो काढला, तर होडी आणि नावाडी काळे दिसतात. चेहरा हवा असेल, तर एक्स्पोजर +१ किंवा त्याहून थोडे जास्त करा.

२. सूर्याकडे पाठ केली, की कोवळ्या उन्हात पायऱ्या आणि भिंतींचे रंग खुलतात.

३. होडी हलत असते. तिच्यातून फोटो काढताना शटर १/५०० सेकंद ठेवा. उजेड कमी पडला, तर आयएसओ वाढवा.

रामघाटाच्या दक्षिणेला नागपूरकर भोसल्यांचा घाट, पुढे शिंद्यांचा घाट आणि मग मणिकर्णिका लागते. तिथे चिता जळत असतात. तिथला उजेड कितीही चांगला असो, मी लेन्सला झाकण लावले. समोर कोणाचे तरी आजोबा असतात. स्नान करणाऱ्यांचा फोटोही विचारल्याशिवाय काढू नये. कॅमेरा केव्हा खाली घ्यायचा, हेही शिकण्यासारखेच आहे.