आधी कोंब बघ

चि. सौरभ,

तुझी नोकरी गेल्याचं वहिनीकडून कळलं. मला कळवलं नाहीस याचा राग नाही. पण आईला सांगून ‘बाबांना एवढ्यात बोलू नकोस’ म्हणालास, ते बरं केलं नाहीस. दादाला चार दिवसांत कळणारच, आणि मग नोकरी गेल्यापेक्षा लपवल्याचं जास्त लागेल. आज जेवणं झाली की सांगून टाक.

‘खंबीर राहा, हेही दिवस जातील’ असलं मी काही लिहिणार नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरवरून गेलं, तेव्हा रेंज आल्या आल्या असे निरोप ढिगाने आले. त्यांनी एक झावळीही उचलली गेली नाही. कोयती घेऊन दारात आलेले शेजारी तेवढे उपयोगी पडले. तेव्हा मी आपली वाडीतलं सांगते, तुला लागू पडेल तेवढं घे.

ताशी 100-120 किलोमीटरचा वारा होता. पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळासकट आडवे, मिरीचे वेल त्यांच्याखाली. दुसऱ्या दिवशी ज्याला त्याला वाटत होतं, सगळं तोडून एकदाचं साफ करावं. आतोबांनी कुऱ्हाड लावू दिली नाही. माडाला काय, पोफळीला काय, वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यात. तो मोडला की झाड उभं दिसलं तरी गेलंच म्हणायचं. तो शाबूत असला तर झावळ्या पार फाटल्या तरी झाड सावरतं. म्हणून एकेक शेंडा बघून, राखायच्या झाडांना चुन्याची खूण केली. खूण नसलेली झाडं मगच तोडली.

तुझंही तसंच कर. गाडी विकायची, फ्लॅट सोडायचा, पुणंच सोडायचं, असे निर्णय या आठवड्यात नकोत. सुट्या भागांचं डिझाइन तुझ्या हातात बसलेलं आहे, ते काही कंपनीत जमा करून आलेला नाहीस. तुझा कोंब तो. तो रोज वापरात ठेव, मग पगार असो वा नसो.

पण मोडलेलं फार दिवस पडूही देऊ नये. कुजणाऱ्या खोडांत गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि तिथे वाढलेला भुंगा वाचलेल्या माडांचे शेंडे पोखरतो. लोकांना हे ठाऊक असतं, तरी कंटाळा करतात. रात्री दोनपर्यंत जुन्या सहकाऱ्यांशी ‘साहेबाने कसा डाव साधला’ हेच उगाळत बसतोस, असं वहिनी म्हणते. ती खोडं आता हलव. एकदा पोटभर बोलून घे, शिव्याही घाल, आणि ग्रुप म्यूट कर.

कागदांची कामं मात्र मन लागत नसलं तरी करायचीच. पंचनाम्याआधी आम्ही पडलेल्या झाडांचे फोटो काढून ठेवले. सुरुवातीला मदत जाहीर झाली ती हेक्टरी 50 हजार, म्हणजे गुंठ्याला 500 रुपये. आमच्या वाड्या गुंठ्यांच्या, त्यात नवी रोपं तरी किती येणार! तरी अर्ज भरला. रागावून हक्काचे पैसे सोडण्यात कसला आलाय मानीपणा? तू पगाराच्या पावत्या, अनुभवाचं पत्र, पीएफचे तपशील ऑफिसचा ईमेल बंद व्हायच्या आत उतरवून घे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दादाचं नाव तुझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहे ना? ती पॉलिसी नोकरीबरोबर संपते. नवीन पॉलिसी घेतली तर त्याच्या जुन्या मधुमेहासाठी काही वर्षं थांबावं लागेल. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते शेवटचा दिवस उलटण्याआधी विचार.

नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि रोपाला ऊन सोसत नाही. म्हणून आम्ही मध्ये केळी लावल्या. रोपांना सावली झाली आणि वर्षभरात घड विकून हातात चार पैसे आले. केळीवर वाडी चालत नाही, हे आम्हालाही कळत होतं. तुझ्या मित्राने त्याच्या वर्कशॉपमधलं ड्रॉइंगचं काम देऊ केलं, ते ‘माझ्या लेव्हलचं नाही’ म्हणून तू परत केलंस म्हणे. उद्या त्याला फोन कर. आणि मोबाइलवर चुटकीसरशी कर्ज देणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. हप्त्याला कमी पडलं तर आधी मला सांग. आपण कागदावर लिहून देऊ-घेऊ, म्हणजे तुलाही संकोच नको.

रविवारी दुपारी फोन कर. पॉलिसीचं काय झालं ते आधी विचारीन, बाकी गप्पा नंतर. दादाशी बोलणं झालं असलं तर फोन त्याच्याकडेही दे.

तुझी,
आत्या